कुंडीजवळचे पुस्तक

शेतीचं की घरचं?

पुण्याच्या आप्पा बळवंत चौकात बागकामाचे पुस्तक मागितले की काउंटरवरचे काका आधी विचारतात, "शेतीचं की घरचं, ताई?" प्रश्न रास्त आहे, कारण दोन्हींचे खण वेगळे असतात. शेतीची पुस्तके स्पर्धा परीक्षांच्या गाइडांना लागून आणि घरच्या बागेची पाककृती, रांगोळी, वास्तुशास्त्र यांच्या शेजारी. या अंकासाठी संपादकांनी 'छंद आणि त्यांची पुस्तके' असा विषय दिला, त्यातली बाग माझ्या वाट्याला आली. म्हणून या दोन खणांपासून सुरुवात केली. मग जुनी पुस्तके विकणारे, ग्रंथालये, कृषी महाविद्यालय, एम्प्रेस गार्डनचे पुष्पप्रदर्शन आणि काही ओळखीच्या गच्च्या पाहिल्या. बाग करणारी माणसे पुस्तक खरोखर कधी उघडतात, कुठल्या पानासाठी उघडतात आणि कशामुळे मिटून ठेवतात, एवढेच मला पाहायचे होते.

घरच्या बागेच्या खणात मुख्यत्वे तीन तऱ्हा दिसतात. पहिली साठ-सत्तर पानांची पातळ पुस्तके. वर रंगीत गुलाब, आत काळीपांढरी रेखाचित्रे. दुसरी वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांमधल्या सदरांचे संग्रह. तिसरी परदेशात छापलेली जाडजूड, गुळगुळीत, सुंदर छायाचित्रांची इंग्रजी पुस्तके. भेट म्हणून ही तिसरीच घेतली जातात. नवख्या माणसाला मात्र पातळ पुस्तकांनी जास्त निराश केलेले असते. बागेचे महत्त्व, बागेचा इतिहास, बागेचे प्रकार यांत पहिली वीस पाने जातात आणि वाचकाच्या मनातला प्रश्न तसाच राहतो. तो प्रश्न अगदी साधा असतो. रोज पाणी घालूनही तुळस का वाळली? मोगऱ्याला पाने भरपूर आहेत, कळ्या का नाहीत?

दोन्हींची उत्तरे चार ओळींत देता येतात. तुळस बहुधा पाण्यावाचून वाळत नाही. रोज पाणी घातलेल्या, तळाचे भोक बुजलेल्या कुंडीत तिच्या मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. वरून पाने मलूल दिसतात, म्हणून माणूस आणखी पाणी घालतो. मोगऱ्याला थंडीत पाण्याचा ताण देऊन छाटावे लागते, तेव्हा उन्हाळ्याच्या तोंडाला नव्या फुटीवर कळ्या येतात. लाडाने बारा महिने पाणी आणि खत दिले, तर तो पानेच वाढवत बसतो. ज्या पुस्तकात ही कारणे सापडतात ते ठेवावे. नुसते 'नियमित पाणी द्यावे' म्हणणारे पुस्तक घेऊ नये. दुकानात उभ्या उभ्या करता येईल अशी ही परीक्षा आहे.

पुस्तक कुठल्या आकाशाखाली लिहिले आहे

बागेच्या पुस्तकाचे शेवटचे पान मी हल्ली आधी बघते, म्हणजे लेखकाची बाग कुठे आहे ते कळते. स्वयंपाकाचे पुस्तक गाव बदलले तरी बऱ्यापैकी चालते. बागेचे चालत नाही, कारण त्यातली प्रत्येक सूचना एका विशिष्ट उन्हावर आणि पावसावर बेतलेली असते.

दिशेचेच पाहा. इंग्लंडमधल्या पुस्तकांत दक्षिणेकडे तोंड असलेली भिंत सर्वांत उबदार आणि उत्तरेची थंड, सावलीची. तिथे ते बारा महिने खरे आहे. पुणे मात्र साडेअठरा अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत इथे दुपारचा सूर्य माथ्यापासून उत्तरेकडे झुकलेला असतो. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या बाल्कनीवर वरच्या मजल्याच्या स्लॅबची सावली पडते आणि उत्तरेच्या बाल्कनीत सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन येते. डिसेंबरात याच्या उलट. दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर असतो, ऊन दक्षिणेच्या बाल्कनीत पार आतल्या भिंतीपर्यंत पोचते. म्हणजे मेथी, पालक, टोमॅटो, पिटुनिया हा हिवाळी संसार दक्षिणेला मांडावा आणि उत्तरेच्या कठड्यावर मेमध्ये नाजूक पानांची झाडे उघडी ठेवू नयेत. 'उत्तरेला सावलीची झाडे' हे वाक्य मी मराठी पुस्तकातही वाचले आहे. ते कुठल्या आकाशाखालून आले असेल, हे ओळखणे अवघड नाही.

ऋतूचेही तसेच. थंड देशांतली पुस्तके पेरणीची तारीख शेवटच्या हिमतुषारावरून मोजतात. आपल्याकडे मोजणी पावसावरून होते. रोहिणी, मृग, आर्द्रा ही नक्षत्रे शेतकऱ्यांच्याच काय, कोकणातल्या परसात वेल लावणाऱ्या आजीच्याही बोलण्यात असतात. सातआठ जूनला मृग लागले की पडवळ, दोडका, काकडीच्या बिया मातीत जातात. पण महाराष्ट्र तरी एक कुठे आहे? रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, सोलापुरात त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतका. कोकणातली जांभी माती पाणी धरत नाही. देशावरची काळी माती इतके धरते, की कुंडीत भरली तर पावसाळ्यात फुगून चिखल होते आणि उन्हाळ्यात भेगाळून मुळे तोडते. 'बागेतली माती दोन भाग, शेणखत एक भाग' अशी कृती देणाऱ्या लेखकाने कुठल्या बागेतली माती ते सांगितलेच पाहिजे. काळीत वाळू, विटांचा चुरा किंवा कोकोपीट घालून ती मोकळी करावी लागते. जांभीत पालापाचोळ्याचे खत वाढवावे लागते.

हे भान जुन्या लेखकांना होते. १८६० च्या दशकात बंगालमध्ये पाद्री असलेल्या फर्मिंजर यांनी भारतातल्या बागकामाचे इंग्रजी पुस्तक लिहिले. विलायतेहून बियाणे मागवणाऱ्या साहेबांची दर पावसाळ्यात निराशा होई, त्यांच्यासाठी ते होते. पुढे त्याच्या आवृत्त्या निघत राहिल्या आणि विसाव्या शतकात त्याची दुरुस्ती करणारे विल्यम बर्न्स हे मुंबई सरकारच्या कृषी खात्यातले, पुण्यात काम केलेले वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांच्याही आधी पुण्यात जॉर्ज मार्शल वुड्रो होते. कॉलेज ऑफ सायन्समध्ये वनस्पतिशास्त्र शिकवायचे, गणेशखिंडीतले उद्यान सांभाळायचे आणि भारतातल्या बागकामावरचे आपले पुस्तक आवृत्तीगणिक वाढवत न्यायचे, असे त्यांचे आयुष्य होते. आंब्याच्या जातींवरही त्यांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्याच कॉलेजचे प्राचार्य थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची नोंद करणारा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात सिद्ध केला. तो आजही अभ्यासक उघडतात. गणेशखिंडीचे ते उद्यान राहुरीच्या कृषी विद्यापीठाकडे आहे आणि २०२० मध्ये राज्य सरकारने त्याला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केले.

जुन्या पुस्तकांत फुलझाडांची नावे बदललेली, औषधे तर वापरू नयेत अशी. तरीही पावसाळ्यातला निचरा, ऑक्टोबरची मशागत, उन्हाळ्यातली सावली यांवरची त्यांची पाने अजून उपयोगी आहेत.

याहून मागे जायचे तर संस्कृतात जावे लागते. बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा अध्याय आहे, चौदाव्या शतकातल्या शार्ङ्गधरपद्धतीत 'उपवनविनोद' आहे आणि सुरपालाचा ३२५ श्लोकांचा 'वृक्षायुर्वेद' आहे. सुरपालाची हस्तलिखित प्रत ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयातून मिळवून सिकंदराबादच्या एशियन अ‍ॅग्री-हिस्ट्री फाउंडेशनने ती १९९६ मध्ये नलिनी साधले यांच्या इंग्रजी अनुवादासह छापली. त्यातले कुणपजल, म्हणजे प्राण्यांचे अवशेष शिजवून-आंबवून केलेले द्रवखत, आता त्याच्या वनस्पतीजन्य रूपात सेंद्रिय शेती करणाऱ्यांच्या बोलण्यात ऐकू येते. सदनिकेच्या बाल्कनीत ते करू नये. शेजाऱ्यांचा विचार करावा.

हेक्टरचे मीटर

शिवाजीनगरला कृषी महाविद्यालयाच्या आवारात गेले की पुस्तकांचे दुसरेच जग दिसते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची 'कृषिदर्शनी' दरवर्षी निघते. कृषी खात्याचे 'शेतकरी' मासिक १९६५ पासून चालू आहे. शिवाय एकेका पिकाच्या घडीपत्रिका असतात. चकचकीतपणा अजिबात नाही, पण लिहिणाऱ्याने ते पीक इथल्या मातीत घेतलेले असते. घरची बाग करणाऱ्यांनी याकडे पाठ फिरवू नये असे मला मनापासून वाटते. किंमत थोडी, माहिती तपासलेली आणि वाणांची नावे आपल्या हवेत टिकणारी.

अडचण मापाची येते. सगळे हेक्टरी. एक हेक्टर म्हणजे दहा हजार चौरस मीटर, एवढे लक्षात ठेवले की कुलूप उघडते. भाजीपाल्याच्या शिफारशींत हेक्टरी २० टन शेणखत हा आकडा नेहमी दिसतो. वीस हजार किलोला दहा हजाराने भागले की चौरस मीटरला दोन किलो. दहा बाय दहा फुटांच्या वाफ्याला अठरा-एकोणीस किलो. निंबोळी अर्क पाच टक्क्यांचा म्हणजे शेतकऱ्यासाठी पाच किलो निंबोळ्या शंभर लिटर पाण्याला. आपल्याला एक लिटरला पन्नास ग्रॅम पुरतात. रात्री कुटून भिजत घालायच्या, सकाळी फडक्याने गाळून त्यात थोडे साबणाचे पाणी मिसळून फवारायचे. मावा आणि पिठ्या ढेकूण यांच्यासाठी घरच्या बागेत मी पहिला हात यालाच घालीन, तोही कीड थोडी असतानाच.

नैसर्गिक शेती सांगणाऱ्या सुभाष पाळेकरांच्या पुस्तकांतल्या जीवामृत या द्रवखताचेही असेच. मूळ कृती एकराची असते. दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन, गोमूत्र आणि मूठभर माती. तिचा विसावा हिस्सा केला की दहा लिटरची बादली होते. अर्धा किलो शेण, शंभर ग्रॅम गूळ, शंभर ग्रॅम बेसन. त्या पुस्तकांतले सगळे दावे मला पटत नाहीत. पण मातीतल्या जिवाणूंना खाऊ घालायचे, ही त्यांतली मूळ गोष्ट पुण्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ आनंद कर्वे वेगळ्या वाटेने, साखर आणि हिरव्या पाल्याच्या प्रयोगांतून सांगत आले होते. दोन अगदी भिन्न स्वभावांचे लेखक एकाच ठिकाणी बोट ठेवतात, तेव्हा वाचकाने तिथे थांबावे.

गच्चीला किती वजन पेलते

शहरातल्या बागेच्या पुस्तकाला आणखी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते आणि बहुतेक पुस्तके ते टाळतात. ओली माती फार जड असते. पंधरा सेंटिमीटर जाडीचा थर गच्चीवर पसरला तर दर चौरस मीटरला अडीचशे किलोच्या आसपास भार होतो. माणसांच्या वावराची गच्ची भारतीय मानकांप्रमाणे साधारण दीडशे किलो चल भार धरून आखलेली असते. सोसायटीच्या बैठकीत गच्चीवरच्या बागेला विरोध होतो तेव्हा विरोध करणारे नेहमी हेकट नसतात.

महाराष्ट्रातल्या प्रयोग करणाऱ्यांनी या अडचणीतूनच वाट काढली आणि या विषयातले आपले सर्वांत अस्सल लिखाण मला त्याच वाटेवर दिसते. श्रीपाद दाभोलकर हे गणिताचे प्राध्यापक. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात असताना आणि नंतर त्यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. शेतकरी स्वतः प्रयोग करतील, नोंदी ठेवतील, एकमेकांना पत्रांतून कळवतील, अशी ती रचना होती. तासगाव भागातले द्राक्षबागायतदार त्यातूनच शिकत गेले. दहा गुंठ्यांत एका कुटुंबाचे भागू शकते, हा त्यांचा विचार 'विपुलाच सृष्टी' आणि १९९८ च्या इंग्रजी 'प्लेंटी फॉर ऑल' या पुस्तकांत आहे. वाचायला ही पुस्तके सोपी नाहीत. एका पानावर पानाचे क्षेत्रफळ आणि सूर्यप्रकाश यांचा हिशेब, दुसऱ्यावर समाजरचना. घाईने वाचणाऱ्याला ती निसटतात. पण पालापाचोळा भिजवून, थरावर थर रचून, त्यात बिया उगवून, त्या पुन्हा त्यातच मिसळून हलकी, जिवंत माती तयार करण्याची त्यांची रीत समजली की मातीच्या पोत्यांचे ओझे गच्चीवरून उतरते.

मुंबईत आर. टी. दोशी यांनी उसाच्या रसाच्या दुकानांतली चिपाडे पिशव्यांत आणि पिंपांत भरून, वर थोडीच माती घालून गच्चीवर भाज्या-फळे पिकवली आणि शेकडो लोकांना शिकवले. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२ मध्ये बाग सुरू केली, ती त्याच स्वयंपाकघराच्या ओल्या कचऱ्यावर वाढली. हजारो कामगारांचे जेवण रांधणाऱ्या जागेची साले आणि देठे वरच्या मजल्यावर खत होऊ लागली. हे ज्ञान बरेचसे कार्यशाळांतून, झेरॉक्स केलेल्या टिपणांतून आणि तोंडी पसरले. नीट बांधलेली पुस्तके त्यावर फार थोडी आहेत, ही मोठी उणीव आहे.

ज्या डोंबिवलीतल्या काकूंकडे मी गच्ची पाहायला गेले, त्यांनी अशाच टिपणांवरून सुरुवात केली होती. भाजीवाल्याच्या टोपल्या, आत जुनी साडी, त्यात वाळली पाने, चिपाडे, वर चार बोटे माती. "अगं, हात घालून बघ," म्हणाल्या. आत गरम नव्हते, म्हणजे कुजणे संपले होते आणि रोप लावायला टोपली तयार होती. किती दिवसांत तयार होते, असे विचारल्यावर त्यांनी आकडा सांगितला नाही. हात घालून बघायचे, एवढेच सांगितले.

एकाच फुलाचे वेड

सगळे थोडे थोडे लावणारा माणूस एक दिवस एखाद्याच झाडात गुंततो आणि तिथून त्याची पुस्तकांची भूक बदलते. हे पाहायला जानेवारीत एम्प्रेस गार्डनला जावे. ते चालवणारी अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया १८३० ची. प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास तिथे पुष्पप्रदर्शन भरते. गुलाबाच्या टेबलांशी लोक सर्वांत जास्त वेळ थांबतात. एकेक फूल, खाली जातीचे नाव. जाणकार वाकून पाकळ्यांची रचना, मध्याची उंची, देठाचा सरळपणा पाहतात आणि मनाशी गुण देतात.

या मंडळींच्या घरी एक पुस्तक बहुधा असते, बी. पी. पाल यांचे 'द रोझ इन इंडिया'. पाल हे गव्हाचे पैदासकार, भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक. गव्हाच्या तांबेऱ्याशी झुंजणाऱ्या या माणसाने फावल्या वेळात गुलाबांच्या नव्या जाती काढल्या. त्यांतल्या एका पांढऱ्या गुलाबाला डॉ. होमी भाभांचे नाव आहे. वेलींवरही त्यांचे सुंदर पुस्तक आहे. पैदासकाराची शिस्त आणि छंदिष्टाची माया एकत्र आल्यावर कसे लिखाण होते, ते गुलाबाच्या पुस्तकात कळते. रानगुलाबाच्या खुंटावर डोळा कसा भरायचा, डोळ्याखालची फूट का काढून टाकायची हे ते सांगतात, कारण तीच चूक घरोघरी होते. जोमदार, सात पानांची फूट पाहून माणूस खुश होतो आणि वर्षभरात कलम मरून खुंट तेवढा उरतो.

आपल्याकडची गुलाबाची छाटणी ऑक्टोबरमध्ये, पाऊस सरल्यावर. त्यानंतर दीड महिन्याने फुलांचा पहिला बहर. हा अंक हातात पडेल तेव्हा ज्यांची छाटणी राहिली असेल त्यांनी ती उरकून घ्यावी.

एकाच झाडाच्या वेडासाठी मोठे ग्रंथ परवडत नाहीत तिथे नॅशनल बुक ट्रस्टची जुनी मालिका कामी येते. विष्णु स्वरूपांचे बागेतल्या फुलांवरचे, बी. चौधरींचे भाज्यांवरचे, रणजित सिंगांचे फळांवरचे, रंधावांचे फुलणाऱ्या वृक्षांवरचे. साठच्या दशकातली ही इंग्रजी पुस्तके शास्त्रज्ञांनी सामान्य वाचकासाठी लिहिली आणि किंमत मुद्दाम कमी ठेवली. रस्त्यावरच्या ढिगात दिसली तर सोडू नयेत. लाईक फतेहअली यांचे बागांवरचे पुस्तकही याच ट्रस्टचे. मांडणी कशी करावी, काय लावू नये, हे ते फार शहाणपणाने सांगते.

ज्यांच्याकडे कुंडीही नाही

बागेची पुस्तके वाचणाऱ्यांतले पुष्कळ लोक काहीच लावत नाहीत. खिडकीला ग्रिल नाही, घर भाड्याचे, गुडघे दुखतात. ग्रंथालयातल्या बाईंनी मला सांगितले की त्यांच्याकडे सर्वांत जास्त फिरणारी पुस्तके शरदिनी डहाणूकरांची आहेत. 'वृक्षगान', 'फुलवा', 'हिरवाई'. डहाणूकर औषधशास्त्राच्या प्राध्यापक, त्यामुळे झाडाकडे पाहताना त्यांना साल, डिंक, गुण, कथा, कविता सगळे एकदम दिसते. श्री. द. महाजनांची देशी आणि विदेशी वृक्षांवरची पुस्तके रस्त्यावर उभे राहून झाड ओळखायला. श्रीकांत इंगळहळीकरांची सह्याद्रीतल्या फुलांची चित्रमय पुस्तके कासच्या पठारावर जाताना पाठपिशवीत. यांना मी बागेचीच पुस्तके मानते. गुलमोहोर मादागास्करचा आणि पळस आपला, हे समजलेला माणूस सोसायटीच्या आवारात काय लावावे याबद्दल वेगळे बोलू लागतो आणि ती बाग बाल्कनीपेक्षा मोठी असते.

न छापलेले पुस्तक

डोंबिवलीच्या काकूंकडे पुस्तके होती तशी एक वहीही होती. वरच्या गच्चीचा नकाशा, महिन्यागणिक कुठपर्यंत ऊन येते त्याच्या पेन्सिलीच्या रेषा. कोणत्या रोपवाटिकेतली मिरची विषाणूने आकसली, कोणते बी उगवलेच नाही. शेजारी पुस्तकातल्या सूचनेचा पृष्ठक्रमांक आणि आपल्याकडे ती किती दिवसांनी लागू पडली याची नोंद. 'पावसाळ्यात पालक नको, सडतो, लाल माठ चालतो' अशी वाक्ये. इमारतीतल्या इतर बायका ही वही नेऊन उतरवून घेतात.

बागेच्या मराठी पुस्तकांत मला याचीच कमतरता सर्वांत जास्त जाणवली. प्रेमाने लिहिलेली आहेत, विद्वत्तेने लिहिलेली आहेत, पण एका ठिकाणी राहून, वर्षाचे बारा महिने काय जगले आणि काय मेले ते सांगणारी जवळजवळ नाहीत. अपयशाची नोंद तर नाहीच. प्रकाशकांनी अशा वह्या शोधाव्यात. कोकणपट्टीची एक, मुंबई-ठाण्याच्या दमट गच्च्यांची एक, पुणे-नाशिकची, मराठवाड्याच्या पाणीटंचाईतली, नागपूरच्या उन्हातली. एकाच पुस्तकात सगळा महाराष्ट्र कोंबू नये. गच्चीचे वजन, बाल्कनीची दिशा आणि त्या भागातली माती ही पहिली तीन प्रकरणे असावीत, बागेचा इतिहास शेवटी.

लोक बियाणे घेतात मृगाच्या आधी. म्हणून पुस्तक मेच्या पहिल्या आठवड्यात दुकानात हवे. हिवाळी हंगामाच्या नोंदी आत्ता चालू आहेत, त्या फेब्रुवारीपर्यंत पुऱ्या होतील. मार्चमध्ये छपाईला दिले तर वेळ पुरतो.